ऊन पाण्याची दोन गावे

आमच्या गावाचे नाव सांगितले की पुण्यामुंबईची मंडळी हमखास हसतात. "आखाडा बाळापूर? म्हणजे पैलवानांचे गाव का हो?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. मग विचारणाऱ्याची नजर माझ्या पाच फूट तीन इंच देहावरून फिरते आणि आपल्या प्रश्नाची त्याची त्यालाच शरम वाटते. मी समजावून सांगतो की, आमच्याकडे शेतावरच्या वस्तीला आखाडा म्हणतात. तिथे गुरे बांधतात, कडबा रचतात, रात्री राखणीला एखादा माणूस निजतो. तिथे कुस्ती झालीच तर ती वासरांची. शिवाय हा 'आखाडा' आमच्या फार उपयोगाचा आहे. अकोला जिल्ह्यात किल्ल्याचे एक बाळापूर आहे. पत्र लिहिणारा 'आखाडा' लिहायला विसरला की ते पत्र आधी तिकडचा किल्ला पाहून येते. माझ्या लग्नात एका मित्राचा आहेर बारशाच्या सुमारास पोचला, तो असाच.

तात्पर्य, गावाच्या नावाची किंमत मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरीही तिचा खरा अर्थ कळायला मला कॉकेशसच्या डोंगरापर्यंत जावे लागले.

झाले असे की, २०२४ च्या सप्टेंबरात माझ्या चुलत भावाची मुलगी डॉक्टर होण्यासाठी जॉर्जिया देशात निघाली. हल्ली आपल्याकडची हजारो मुले तिकडे वैद्यकीय शिक्षणाला जातात. पोरगी हुशार, पण सरकारी जागा थोडक्यात हुकली. इकडच्या खाजगी कॉलेजची फी ऐकून भावाने हळदीचे चार वर्षांचे हिशेब मांडले आणि न बोलता वही मिटली. तिकडचे गणित कसेबसे जमले. पण सोयाबीन काढणीला आलेले, तेव्हा भावाला हलता येईना. घरात इंग्रजी बोलू शकणारा माणूस म्हणून पोरीला पोचवायला माझी नेमणूक झाली. जन्मभर मराठी शिकवणाऱ्यावर हा प्रसंग यावा, यातली गंमत माझ्याखेरीज घरात कोणालाच वाटली नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री थोरल्या काकांच्या पाया पडायला गेलो. काका म्हणजे पोरीचे आजोबा. वय वर्षे एक्याण्णव. कान थोडे मंद, स्मरण मात्र लख्ख.

"कोणत्या गावाला चाललात म्हणे?"

"त्बिलिसीला, काका."

"काय?"

"त्‌-बि-लि-सी."

"हे काय नाव झालं? शिंक आल्यावानी!"

मी मोबाइलवर नकाशा काढला. इकडे काळा समुद्र, तिकडे कॅस्पियन आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत हा देश. काकांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिले आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, हे तर तिफ्लिस! मग तसं सांग की सरळ. आम्ही परीक्षेत भरलेलं हाय हे गाव नकाशात."

काकांचे शिक्षण निजामाच्या राजवटीत झाले. वरच्या इयत्ता हिंगोलीला, उर्दूतून. त्यांच्या भूगोलाच्या पुस्तकात हे शहर तिफ्लिस होते आणि पाऊणशे वर्षे ते त्यांच्या डोक्यात जसेच्या तसे जपलेले होते. त्याच नकाशाची दुसरी आठवणही घरात सर्वांना पाठ आहे. एकदा नकाशा भरताना काकांनी 'मोमिनाबाद'च्या जागी 'अंबाजोगाई' लिहिले. आपली आई नेहमी जोगाईचे गाव म्हणते, तेच त्यांनी लिहिले. त्याबद्दल मास्तरांनी हातावर पाच छड्या दिल्या. मुकुंदराजांची आणि दासोपंतांची समाधी ज्या गावात, मराठी कवितेचे जे माहेर, त्याचे नाव सरकारी कागदात तेव्हा मोमिनाबाद होते. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले तेव्हा काका पंधरा वर्षांचे होते. त्या दिवसाची गोष्ट सांगताना ते आजही तळहात पुढे करतात.

"तिफ्लिसला पोचलास की मला फोन कर," ते म्हणाले. "बघून ये, आमच्या मास्तरानं खरं सांगितलं होतं का. तिथं म्हणे जमिनीतून कढत पाणी येतंय."

नांदेडहून आम्ही सचखंड एक्स्प्रेसने दिल्लीला निघालो. वाटेत औरंगाबाद स्टेशन आले. शहराचे अधिकृत नाव २०२३ सालीच छत्रपती संभाजीनगर झाले होते, पण त्या वेळी फलाटावरच्या पाटीवर जुनेच नाव होते. आमच्या डब्यात लगेच बैठक जमली. एक गृहस्थ जुने नाव घेत, दुसरे नवे. मीही प्राध्यापकी थाटात माहिती पुरवली की, मुळात हे खडकी, १६१० साली मलिक अंबराने ते वसवले. त्याच्या मुलाच्या काळात फतेहनगर झाले, पुढे औरंगजेबाने औरंगाबाद केले. समोरच्या बाई शांतपणे डबा सोडत म्हणाल्या, "नाव काही का असेना, मला तर ते माहेरच आहे." बैठक तिथेच संपली. त्या बाईंचे वाक्य मात्र माझ्याबरोबर परदेशात आले.

विमानातून उतरलो तेव्हा पहाट होती. शहर डोंगरांच्या कुशीत वसलेले, मधून म्त्कवारी नदी वाहते. पाट्यांवरची लिपी पाहून छाती दडपली. द्राक्षाच्या वेलीचे तणावे वळावेत तशी गोल गोल अक्षरे, एकंदर तेहतीस. त्यांतले एकही ओळखीचे नाही. एम. ए. झालेला माणूस घटकेत निरक्षर होतो म्हणजे काय, ते मी त्या पहाटे अनुभवले.

पोरीसाठी जी खोली ठरवली होती तिची मालकीण साठी ओलांडलेली बाई. मुलगी शाळेत इंग्रजी शिकवणारी, तेव्हा संभाषणाची सोय झाली. पहिल्याच सकाळी बाईंनी समोर ताजी, होडीच्या आकाराची रोटी ठेवली आणि म्हणाल्या, "पुरी!" मी चमकलो. तिकडे रोटीला 'पुरी'च म्हणतात. आपल्या तंदुरासारख्या खोल भट्टीच्या भिंतीला चिकटवून ती भाजतात. पण खरा धक्का पुढे होता. भिंतीवरच्या एका वृद्धाच्या फोटोकडे बोट दाखवून बाई म्हणाल्या, "मामा." मी मोठ्या आत्मीयतेने विचारले, "आईचे भाऊ का?" तर नाही, ते बाईंचे वडील! त्या भाषेत वडिलांना मामा म्हणतात आणि आईला देदा. आमची पोरगी हसून हसून लोळायची बाकी राहिली. बाजारात गेलो तर मसाल्याच्या दुकानात पिवळ्याजर्द पुडीचा ढीग. मला वाटले, आमच्या वसमतची हळद इथवर आली! जवळ जाऊन विचारले तर ती निघाली वाळवलेल्या झेंडूच्या पाकळ्यांची पूड. आपण दसऱ्याला दाराला बांधतो ते फूल ही मंडळी कालवणात घालतात.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चहाला बसलो होतो. पोरीचे सगळे मार्गी लागले होते, मन हलके होते. बाईंना खूष करावे म्हणून मी काकांची गोष्ट काढली. "आमच्या खेड्यात माझे एक्याण्णव वर्षांचे काका आहेत. ते तुमचे शहर ओळखतात. त्यांच्या लेखी हे तिफ्लिस!"

मला वाटले, बाई टाळी देतील. बाईंनी हातातली किटली खाली ठेवली. आपल्या मुलीशी दोन-चार वाक्ये बोलल्या. मुलगी थोडी संकोचून म्हणाली, "आई म्हणते, तुमच्या काकांना आमचा नमस्कार सांगा. पण ते रशियन लोकांचे नाव आहे. आम्ही त्बिलिसी म्हणतो."

मग बाई बोलत राहिल्या आणि मुलगी सांगत राहिली. १८०१ साली रशियाच्या झारने हे राज्य आपल्या साम्राज्यात घेतले आणि तिफ्लिस हे त्याच्या कॉकेशसमधल्या कारभाराचे ठाणे झाले. तरुण गोर्कीची पहिली कथा १८९२ साली छापून आली ती इथल्याच एका वृत्तपत्रात, आणि स्टालिन पाद्री होण्यासाठी शिकत होता तोही इथल्याच धर्मशाळेत. कागदोपत्री, रेल्वेच्या पाटीवर, टपालाच्या शिक्क्यावर नाव तिफ्लिस. ते अधिकृतपणे त्बिलिसी झाले १९३६ साली. पण नाव परत मिळाले तरी सत्ता मॉस्कोचीच राहिली. १९७८ साली नव्या राज्यघटनेचा मसुदा आला, त्यातून जॉर्जियन ही राज्यभाषा असल्याचे कलम गाळलेले होते. १४ एप्रिलला हजारो लोक रुस्तावेली रस्त्यावर उतरले. बाई तेव्हा अठरा वर्षांच्या विद्यार्थिनी. आई-वडिलांना न सांगता त्या गेल्या होत्या. "गोळी सुटेल असे प्रत्येकाला वाटत होते," त्या म्हणाल्या. गोळी सुटली नाही. कलम परत घालावे लागले. आज तिकडे १४ एप्रिल हा भाषेचा दिवस म्हणून पाळतात.

१९७८ हा आकडा ऐकून मी चपापलो. त्याच वर्षीच्या जुलैत आपल्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर आमच्या मराठवाड्यात दलितांची घरे जळाली, माणसे मारली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. नावात काय आहे, असे वर्गात मुलांना विचारून टाळ्या घेणारा मी, त्या चहाच्या टेबलाशी मान खाली घालून बसलो. एखाद्याला आपले नाव उच्चारता यावे यासाठी किती द्यावे लागते, हे ज्याने दिले त्यालाच ठाऊक.

आणि मग लक्षात आले की काकांचे तिफ्लिस म्हणजे या बाईंचे मोमिनाबाद होते! ज्या नकाशाने काकांच्या हातावर वळ उठवले, त्याच नकाशाने दूरच्या एका शहराचे परक्यांनी ठेवलेले नाव त्यांच्या हाती गोड करून दिले. आपल्यावर लादलेले नाव आपल्याला बोचते. दुसऱ्यावर लादलेले नाव मात्र आपण भूगोल म्हणून पाठ करतो.

वाचकहो, गोष्ट इथे संपती तर मीही एक धडा शिकून सरळ घरी आलो असतो. पण दुसऱ्या दिवशी बाईंची मुलगी मला जुन्या शहरात घेऊन गेली. नारीकला किल्ल्याच्या पायथ्याशी विटांचे बुटके घुमट जमिनीतून वर आलेले आहेत. त्यांच्याखाली गंधकाच्या कढत पाण्याची न्हाणीघरे. वास म्हणाल तर नासक्या अंड्यांचा. पण पाण्यात उतरले की प्रवासाचा शीण पाझरून जातो. पाचव्या शतकात वाख्तांग गोर्गासाली नावाचा राजा इथे शिकारीला आला. त्याचा ससाणा एका पक्ष्यामागे झेपावला आणि दोघेही कढत झऱ्यात पडले. राजाने ते पाणी पाहिले आणि इथे शहर वसवायचे ठरवले, अशी कथा तिकडचे लहान पोरही सांगते. 'त्बिली' म्हणजे ऊन, ऊबदार. त्यावरून त्बिलिसी.

मी विचारले, "मग तिफ्लिस हे नाव कुठून आले?"

ती हसली. "त्याच शब्दातून! पूर्वी आमच्या भाषेत 'त्पिलिसी' म्हणत. इराणी, तुर्क, रशियन यांच्या जिभांवर घासून त्याचे तिफ्लिस झाले." आणि थोडे थांबून म्हणाली, "काल आईसमोर बोलले नाही. माझ्या वडिलांची आई आर्मेनियन होती. जन्म इथला, मरणही इथले. ती शेवटपर्यंत तिफ्लिसच म्हणायची. तिच्या तोंडी ते रशियन वाटायचे नाही. ते तिच्या घराचे नाव होते."

एकेकाळी या शहरात आर्मेनियनांची फार मोठी वस्ती होती. अठराव्या शतकातला इथला लाडका कवी सायात-नोव्हा हा आर्मेनियन, जॉर्जियन आणि तुर्की वळणाच्या अझरबैजानी अशा तिन्ही भाषांत गाणी रचायचा. त्याची कबर अजून इथल्या चर्चपाशी आहे. मला रेल्वेतल्या त्या बाई आठवल्या. नाव काही का असेना, माहेर ते माहेर.

तेव्हा निवाडा कसा करायचा? मला जे उमगले ते एवढेच. जुने नाव कोणाच्या आजीच्या तोंडी असेल तर ते तिच्या तोंडून हिसकावून घेऊ नये. पण आपण पाहुणे म्हणून कोणाच्या दारात जातो, तेव्हा घरचा माणूस जे नाव सांगतो तेच घ्यावे. आजीचा हक्क वेगळा, पाहुण्याचा शिष्टाचार वेगळा.

निघण्याच्या दिवशी बाईंनी विचारले, "तुमच्या देशात गोवा नावाचे गाव आहे ना?" मला वाटले, समुद्रकिनाऱ्याची चौकशी असेल. पण नाही. केतेवान नावाची त्यांची राणी १६२४ साली इराणात शिराझला धर्म सोडीना म्हणून छळ करून मारली गेली. पोर्तुगीज साधूंनी तिच्या अस्थी जुन्या गोव्यात संत ऑगस्टीनच्या मठात आणल्या. मठ पुढे ढासळला. उत्खननात एक अस्थी मिळाली आणि हैदराबादच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी ती तपासून २०१३ साली निष्कर्ष दिला की, ती त्या राणीची असावी. २०२१ साली भारत सरकारने त्या अवशेषांचा काही भाग जॉर्जियाला भेट दिला. बाई म्हणाल्या, "तुमच्या मातीने आमची राणी चारशे वर्षे सांभाळली. आता तुमची पोर आम्ही सांभाळतो." मी मराठीचा प्राध्यापक, पण त्या क्षणी मला एकाही भाषेत उत्तर देता आले नाही.

बाळापूरला आलो त्या रात्री काका जागेच होते. मी सारे सांगितले. रशियाचे, १९७८ चे, किटली खाली ठेवण्याचे. मोमिनाबादचे नावही मी घेतले. काका बराच वेळ आपल्या तळहाताकडे पाहत राहिले.

"म्हणजे मी तिला छडीच मारली म्हण की," ते म्हणाले.

"तसं नाही हो काका. त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय."

"नमस्कार सांगितला ते तिचं मोठेपण." मग एकदम म्हणाले, "काय म्हणतात ते? पुन्हा सांग."

"त्बिलिसी. त्बिली म्हणजे ऊन."

"ऊन? ऊन पाण्याचं? अरे, मग हे आपलं उनकेश्वरच झालं की!"

मी अवाक झालो. नांदेड जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी उनकेश्वर आहे. तिथेही गंधकाच्या कढत पाण्याचे झरे आहेत. शरभंग ऋषींची व्याधी जावी म्हणून प्रभू रामचंद्रांनी बाण मारून ते काढले, असे सांगतात. कोकणात उन्हवरे आहे, जळगावकडे उनपदेव आहे. ऊन ऊन भात म्हणणाऱ्या आपल्या लोकांनीही जमिनीतून कढत पाणी आले तिथे नेमके तेच नाव ठेवले, जे त्या राजाच्या लोकांनी ठेवले. जन्मभर शब्दांच्या व्युत्पत्त्या शिकवून माझ्या ध्यानात न आलेली गोष्ट काकांनी खाटेवर बसून सांगितली.

दिवाळीनंतर काकांनी हट्टच धरला की उनकेश्वरला न्या. मी जीप ठरवतो म्हणालो तर म्हणाले, "एस.टी.नं जायचं. मला फुकट हाय." पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून एस.टी.चा प्रवास मोफत आहे आणि ही सवलत वापरायची एकही संधी काका सोडत नाहीत. हदगावला गाडी बदलली. पुढच्या गाडीत कंडक्टर आला. अगदी कोवळा पोरगा. मोफत असले तरी शून्य रुपयांचे तिकीट फाडावेच लागते.

"कुठं जायचं, बाबा?"

"आधी वाढोण्याला उतरू. परमेश्वराचं दर्शन घेऊन पुढं."

पोराने यंत्रावर बोटे फिरवली. "वाढोणा? असं गाव नाही यात."

मागच्या बाकावरून एक म्हातारी ओरडली, "अरे लेकरा, हिमायतनगर! वाढोणा म्हणजे हिमायतनगरच!"

निजामी काळातले ते नाव आजही यंत्रात आहे आणि गावाच्या पाटीवरही. पोराने तिकीट काढून दिले. काकांनी चष्मा लावून ते वाचले, घडी करून खिशात ठेवले आणि पोराला जवळ बोलावले. मला वाटले, आता याला निजामाचा सारा इतिहास ऐकावा लागणार.

काका म्हणाले, "तू कोणत्या गावचा, बाळा?"

त्याने गावाचे नाव सांगितले. काकांना नीट ऐकू आले नाही. त्यांनी कानाशी हात नेला आणि पुन्हा विचारले. त्याने पुन्हा सांगितले, या वेळी जरा मोठ्याने. काकांनी ते नाव हळूहळू, एकेक अक्षर जुळवत स्वतःच्या तोंडाने म्हणून पाहिले.

"असंच ना?"

"असंच, बाबा," पोरगा म्हणाला आणि पुढच्या बाकाकडे वळला.